पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना

आमचं सराफी दुकान भांडुपला. अप्पांनी सुरू केलेलं, ते गेल्यावर आता मी आणि माझा धाकटा भाऊ बघतो. नोव्हेंबर 2022 मध्ये एका रात्री शटर अर्धं खाली आलेलं असताना दोन पोरं हेल्मेट घालून वाकून आत शिरली, एकाच्या हातात कोयता. समोरच्या मेडिकलवाल्याने आरडाओरडा केला म्हणून पळाली, पण भावाच्या मनगटाला सात टाके पडले. त्यानंतर दोन महिने अनोळखी नंबरवरून फोन यायचे, केस मागे घ्या नाहीतर पुढच्या वेळी टाके घालायला हात राहणार नाही. तेव्हा मी ठरवलं की परवाना काढायचा आणि हत्यार घ्यायचं. हे लिहितेय कारण मला तेव्हा कोणी सरळ सांगणारं भेटलं नाही, जो तो एकतर घाबरवायचा नाहीतर पिक्चरमधल्या पिस्तुलाबद्दल बोलायचा.

पहिली गोष्ट, आपल्याकडे आधी हत्यार पसंत करून मग परवाना असं होत नाही. आधी परवाना, आणि परवान्यावरच लिहिलेलं असतं की कुठल्या प्रकारचं हत्यार, कुठल्या बोअरचं म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं, किती काडतुसं. आणि निवड करायची म्हटलं तरी मैदान छोटंच आहे. 9 एमएम वगैरे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, ते पोलीस-लष्कराचं, आपल्याला सहसा नाही. सामान्य माणसाला खिशात मावणारं म्हणजे मुख्यतः पॉइंट 32 चं रिव्हॉल्व्हर नाहीतर पॉइंट 32 चं पिस्तूल, आणि एक .22 चं अगदी छोटं. परदेशी माल सामान्य परवानाधारकाला मागवता येत नाही, 1980 च्या दशकातच ते बंद झालं, त्यामुळे जे जुने वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन अजून फिरतायत त्यांच्या किमती लाखांच्या पटीत गेल्यात.

मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात. अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या पोर्टलवर, मग छापील प्रत आणि कागदांची चळत घेऊन क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात. वय 21 पूर्ण लागतं. आधार, पत्त्याचा पुरावा, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट, आणि घरात ते सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. माझा पहिला अर्ज परत आला आणि चूक माझीच होती. कारणाच्या रकान्यात मी नुसतं "स्वसंरक्षणासाठी" असं लिहिलं होतं. माझा मामेभाऊ वकील आहे, तो म्हणाला अगं ताई, प्रत्येकजण हेच लिहितो, तुझ्या जिवाला खरोखर धोका आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. मग एफआयआरची कॉपी, फोनच्या तक्रारीची एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, भावाचे हॉस्पिटलचे पेपर, दुकानाचं गुमास्ता लायसन्स, हॉलमार्क नोंदणी, माल ने-आण करायचा विमा असं सगळं लावलं. धोका असेल तर तो लगेच लगेच नोंदवा, नंतर आठवून सांगितलेल्याला वजन राहत नाही.

मग स्थानिक पोलीस स्टेशनची चौकशी. हवालदार साहेब घरी आले, शेजारच्या दोघांचे जबाब घेतले, कपाट कुठे, भिंत कसली हे बघितलं. पुढे उपायुक्तांसमोर मुलाखत. मी कायद्याची उजळणी करून गेले होते, सेक्शन वगैरे, आणि त्यांनी विचारलं, "घरात राग कोणाला लवकर येतो?" मी गप्प झाले. मग खरं ते सांगितलं की भावाला येतो, पण हात उगारणारा नाही. "दारू?" लग्नसमारंभाला घेतो. "किल्ली कोणाकडे राहील?" माझ्याकडे. "मुलीला माहीत असेल?" माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची. मी म्हटलं माहीत असेल, लपवलं तर ती शोधेल. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. या चार प्रश्नांवर मी लोकलमध्ये घरी येईपर्यंत विचार करत होते आणि पुढे हत्यार निवडताना मला याच प्रश्नांचा जास्त उपयोग झाला, बाकी वाचलेल्याचा तेवढा नाही.

प्रशिक्षण मी एका मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये घेतलं. सर्टिफिकेटपुरतं थोडक्यात उरकता आलं असतं, पण मी पुढे सहा महिने रविवारी जात राहिले, आधी एअर पिस्तूल, मग .22. मुंबईत वरळीची रेंज आहे, दादरला सावरकर स्मारकात एअर रायफलचं शिकवतात, म्हणजे शिकायला जागा नाही असं नाही. माझ्या बाजूच्या लेनमध्ये कॉलेजच्या पोरी असायच्या, राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं तेव्हापासून मुली जास्त यायला लागल्या असं तिथले कोच सांगायचे. पहिल्या दिवशी गोळी मारायला दिलीच नाही. दोन तास नुसतं हेच, नळी कायम निशाण्याच्या दिशेला, बोट चापाच्या म्हणजे ट्रिगरच्या बाहेर, रिकामं आहे असं कोणी सांगितलं तरी स्वतः उघडून बघायचं. कोचनी रिकामं केलेलं पिस्तूल माझ्या हातात दिलं, मी ते तसंच टेबलावर ठेवलं तर म्हणाले, बघितलं का? नाही? मग परत. असं त्या दिवशी किमान तीस वेळा.

परवाना आला 2024 च्या सुरुवातीला. माझा यूआयएन नंबर म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल .32, पाच वर्षांची मुदत. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनाची पाच झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं, आधी तीन चालायची. तेवढ्यात मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, मुंबईचं मतदान 20 मेला, त्यामुळे मीच म्हटलं की आत्ता घेऊन निवडणुकीपुरतं लगेच पोलिसांकडे जमा करायला कशाला धावायचं, निवडणूक होऊन जाऊ दे. ते तीन महिने फार उपयोगी पडले कारण घरात खरा वाद तेव्हा झाला.

भावाला पिस्तूल हवं होतं. चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, गोळ्यांचं मॅगझिन पटकन बदलता येतं, हे सगळं खरं आहे. अप्पांचे एक स्नेही होते, त्यांच्याकडे जुनं इंग्लिश वेब्ली, त्यांचा मुलगा विकायला तयार होता, आणि भावाच्या डोळ्यात ते बघताना जी चमक यायची ती मला ओळखीची होती, गिऱ्हाईक जुना दागिना बघतं तेव्हा तशीच येते. मी त्याला म्हटलं हे बघ, परवाना माझ्या नावावर आहे, तू हात लावायचा नाहीस, कायद्याने पण नाही आणि घरात पण नाही, मग माझ्या हाताला काय बसतं तेच बघायचं. तो दोन दिवस बोलला नाही. त्याचंही चुकत नव्हतं, कोयता त्याच्या हातावर पडला होता.

जुलैमध्ये फोर्टमधल्या एका जुन्या दुकानात गेलो. लाकडी काउंटर, मागे लोखंडी जाळी, गल्ल्यावर सत्तरीचे काका. परवाना हातात घेऊन त्यांनी आधी शिक्का आणि फोटो नीट बघितला, मग म्हणाले, "बेन, तुमी आधी हात दाखवा." मला वाटलं ज्योतिषी झाले की काय, पण ते माझा पंजा बघत होते. मी अंगठीचं माप घेताना गिऱ्हाइकाचं बोट बघते तसं. माझी बोटं आखूड, अंगठ्याच्या मुळाशी बारीक काम करून करून कायमचं दुखणं.

पहिलं पिस्तूल काढलं, अशनी, पॉइंट 32, सरकारी कारखान्याचं. स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे खेचायला मला दोनदा जोर लावावा लागला, आणि दुसऱ्यांदा अंगठ्यातून कळ गेली. काका म्हणाले सवयीने जमतं, आणि जमलंही असतं. पण मला अडलं दुसरीकडे. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहू शकते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते रिकामंच वाटतं. घराघरात होणारे अपघात बऱ्याचदा याच एका गोळीने होतात. उपायुक्तांचा प्रश्न आठवला, मुलीला माहीत असेल का. रिव्हॉल्व्हर उघडलं की गोळ्यांची सहाच्या सहा घरं डोळ्यासमोर, भरलेलं की रिकामं यात शंका राहत नाही. मी तिथेच पिस्तूल बाजूला ठेवलं. ज्याचा रोजचा सराव आहे त्याने जरूर घ्यावं, मी महिन्यातून दोनदा रेंजवर जाणारी बाई.

मग निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर. हे कानपूरच्या कारखान्याने जानेवारी 2014 मध्ये आणलं, दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीत, खास बायकांसाठी म्हणून. अर्धा किलो वजन, हलक्या मिश्रधातूचं, सव्वा लाखाच्या आसपास किंमत होती सुरुवातीला, आणि तेव्हा ते दागिन्याच्या डबीसारख्या मरून डबीत मिळायचं. मला त्या डबीचा खरंच राग आला. आयुष्यभर मी अशा डब्यांमध्ये मंगळसूत्रं भरून दिलीत, जीव वाचवायची वस्तू त्यात घालून बाईला पटेल असं कोणाला वाटलं असेल. वस्तू मात्र वाईट नाही. हातात घेतलं की पन्नास तोळे, आमच्या हाताला वजन लगेच कळतं. पर्समध्ये घेऊन हिंडणाऱ्याला ते हलकेपण फार मोलाचं.

काकांनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख दाखवली, डमी काडतुसं घालून दिली आणि म्हणाले या तारखेवर माशी धरा आणि चाप ओढा, माशी हलते का बघा. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा उंचवटा. रिव्हॉल्व्हरचा चाप दोन प्रकारे चालतो, घोडा म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा भाग अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला तर चाप हलका, एका टिचकीत सुटतो, आणि तसं केलं नाही तर चापानेच घोडा मागे न्यायचा, गोळ्यांच्या घरांची चक्री फिरवायची आणि मग सोडायचा, तो ओढा लांब आणि जड. घाबरलेल्या माणसाच्या हातात हलका चाप नको, हे कोचनी शंभर वेळा सांगितलं होतं, त्यामुळे मी सगळं जड ओढ्यावरच तपासलं. निर्भीक हातात असताना माझी माशी सतरा तारखेवरून सुरू होऊन चाप सुटेपर्यंत चोवीसवर यायची. चाप जड आणि हत्यार हलकं, मग बोटाची सगळी ओढ नळीला लागते.

मग त्यांनी प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. हे तेव्हा नवीनच, ऑगस्ट 2023 मध्ये आलेलं, कानपूरचंच, सरकारी शस्त्र कारखान्यांचं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 2021 मध्ये ज्या सात कंपन्या केल्या त्यातल्या एकीचं. 675 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर. आपली आधीची सरकारी रिव्हॉल्व्हरं वेब्लीसारखी मधून मोडून उघडतात, याची चक्री बाजूला बाहेर येते. जाहिरातीत याचा पल्ला 50 मीटर म्हणून फार कौतुक, मला त्याचं काही नाही, माझं काउंटर ते दार बारा फूट आहे. पण मूठ भरून आली आणि करंगळीला जागा मिळाली. माशी सतरावरून हलली ती अठरापर्यंत. परत ओढला, सतरा. परत, सतरा. भाऊ मागे उभा होता, तो पहिल्यांदा बोलला, "ताई, हेच घे." मुद्दाम एकदा जुन्या धाटणीचं अनमोल नावाचं रिव्हॉल्व्हर पण हाताळून बघितलं, तेही भक्कम, पण त्याच्या चापाला माझं बोट जेमतेम पोचत होतं.

आपल्याकडे सहसा चालवून बघून घेता येत नाही, दुसऱ्याचं हत्यार मागून बघणं हाही गुन्हा होऊ शकतो, म्हणून दुकानात हे असं तासभर उभं राहणं हीच काय ती परीक्षा. कोणी घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. आणि हलकं म्हणजे बायकांचं ही समजूत डोक्यातून काढून जा.

बिल करताना तेव्हाचा 28 टक्के जीएसटी बघून भावाने कपाळाला हात लावला, आम्ही सोन्यावर तीन टक्के लावतो. वर काडतुसं, ती मोजून आणि परवान्यावर नोंद करूनच मिळतात. पॉइंट 32 मध्ये पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, कडा असलेलं, आणि पिस्तुलाचं वेगळं, एकमेकांत चालत नाहीत, हे सुद्धा मला तिथेच कळलं. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन टॅक्सीने आलो, लोकलच्या गर्दीत नको म्हणून. मग हत्यार नंबरासकट दाखवून परवान्यावर नोंद करून घेतली आणि पोलीस स्टेशनला कळवलं.

होल्स्टरचं, म्हणजे हत्यार अंगावर बाळगायच्या पाकिटाचं, सांगायला हवं कारण त्यात मी चुकले. आधी पर्समध्ये ठेवायचं ठरवलं होतं. कोचनी विचारलं, चोर तुमच्याकडे आल्यावर पहिलं काय ओढेल? पर्स. आणि पर्समध्ये किल्ल्या, पेन, कंगवा, त्यातलं काय चापात अडकेल सांगता येत नाही. आता कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, वरून सैल कुर्ता, आणि तेही फक्त माल घेऊन झवेरी बाजारातून येते त्या दिवशी. एरवी ते कपाटात. भिंतीत बोल्टने बसवलेली छोटी तिजोरी, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. लेकीला मी स्वतः बसवून उघडून दाखवलं, सहा घरं मोजायला लावली, आणि सांगितलं की मी समोर नसताना हे कधी बाहेर दिसलं तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर जायचं आणि मला फोन करायचा.

मामेभावाने कायदा समजावला तो तुम्हालाही सांगते, कारण 1 जुलै 2024 पासून सेक्शन बदललेत. स्वसंरक्षणाच्या हक्काचं जे जुन्या दंडसंहितेत 96 ते 106 होतं ते आता भारतीय न्याय संहितेत 34 ते 44. जबरी चोरी चालू असताना, जीव जाईल अशी भीती असताना बचावाचा हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही. चेन ओढून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घालायचा हक्क कोणालाच नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण मला कोणाच्या मागे धावायचंच नव्हतं. मी माझ्या मनात रेघ आखली, काउंटरची आतली फळी. तिच्या आत कोणी हत्यार घेऊन आला तरच.

1 ऑक्टोबरला सकाळी बातमी आली, जुहूत एका प्रसिद्ध अभिनेत्याला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, कपाटात ठेवताना. आईने टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठून तिजोरी उघडली, चक्री बाहेर काढून तिला दाखवली, रिकामी. काडतुसं मोजून दाखवली. ती म्हणाली रोज दाखवशील? म्हटलं रोज दाखवीन. तेव्हापासून रात्री देवापुढचा दिवा शांत झाला की मी तिला चक्री दाखवते, ती चष्मा लावून बघते.

दसऱ्याला आमच्याकडे तराजू, हातोडी, चिमटा, फुंकणी मांडतात. 12 ऑक्टोबरला आईने पाटावर झेंडूच्या बाजूला एक जागा मोकळी ठेवली आणि मला काही न बोलता खुणावलं. मी नाही म्हटलं. पाटाभोवती भाच्यापुतण्यांची सगळी पोरं बसली होती, आणि जे हत्यार दिसायलाच नको ते मांडायचं कशाला. तिने त्या जागेवर तिजोरीची किल्ली ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

तीन दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली, हत्यार जमा करायची नोटीस आली. पोलीस स्टेशनात टेबलावर ते उघडून दिलं, नंबर ताडून बघितला, पावती घेतली. ते सगळे आठवडे आम्ही दुकान साडेसातला बंद केलं, भावाने शटरला आतून लागणारं दुसरं कुलूप बसवलं आणि दाराशी घंटेचं बटण लावलं, मेडिकलमध्ये वाजणारं, जे खरं म्हणजे 2022 लाच लावायला हवं होतं. डिसेंबरमध्ये परत मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाशी तिळाएवढा गंजाचा डाग होता. घरी आणून वर्तमानपत्रावर पसरलं, कापडाला तेल लावून हळूहळू पुसलं, दागिना उजळते तसं पण ब्रश न लावता. आई शेजारी चष्मा लावून बसली होती. पुसून झाल्यावर मी चक्री बाहेर काढली आणि तिच्यासमोर धरली, तिने बोट लावून सहा घरं मोजली.